प्रुइटांच्या गाडीचा मागचा एक्सल

या, अशा जवळ या. तिथे दारापाशी बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. रविवारी चर्चमध्ये इतकं ओरडून झालेलं असतं की बुधवारपर्यंत घसा ताळ्यावर येत नाही. एक गोष्ट सांगणार आहे. मोटारीच्या एक्सलची, म्हणजे मागची दोन चाकं ज्याच्यावर फिरतात त्या लोखंडी कण्याची. ऐकायला रुक्ष वाटेल. पण त्या कण्यात एका माणसाचं नाव एकोणचाळीस वर्षं अडकून पडलं होतं, आणि ते सोडवायला मला बोलावलं होतं. तेव्हा ऐका.

आमच्या डेट्रॉइटच्या पूर्व भागात एक्सलचा मोठा कारखाना होता. चर्चमधली निम्मी पुरुषमंडळी तिथेच कामाला. मीही चार वर्षं होतो, मग बाहेर पडून एक्सल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढलं. ओझेल प्रुइट मात्र तिथे एकवीस वर्षं होते. त्यांचं काम ठसे मारायचं. एक्सल जोडून, तपासून पुढे सरकत आला की त्याच्या उजव्या नळीवर, म्हणजे मधल्या डब्यापासून चाकापर्यंतच्या पोकळ भागावर, पोलादी पंच धरायचा आणि एका घावात अक्षरं-आकडे उमटवायचे: कुठल्या जातीच्या गाडीसाठी, वर्षाच्या कितव्या दिवशी. दुसऱ्या पाळीतला माणूस तेच काम करायचा, पण त्याचे ठसे पुसट. ओझेलचा ठसा ग्रीसमधूनही बोटाला लागायचा.

चर्चमध्ये ते डीकन होते, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. आमच्याकडे प्रवचन बोलून सुरू होतं. मग अर्ध्या-पाऊण तासाने उपदेशकाचा श्वास तुटायला लागतो, वाक्यं आखूड होत जातात, ऑर्गनवाला त्याच्या मागोमाग सूर धरतो, आणि माणूस बोलतोय की गातोय हे कळेनासं होतं. खरं सांगतो, मी आठवडाभर त्या पाऊण तासासाठी जगतो. पण त्या सगळ्याच्या आधी एकाने उभं राहून जुन्या गीताची एक ओळ नुसती म्हणायची असते, आणि मग सगळ्यांनी ती लांबवत, ओढत गायची. वाद्य नाही, काही नाही. ती पहिली ओळ ओझेल म्हणायचे. मी लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती ऐकलेली आहे. पोटातून येणारा आवाज होता.

त्यांना एकच मुलगा, वर्डेल. एकोणीसशे सत्तरच्या एप्रिलमध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने शोरूममधून कोरी गाडी घेतली. दोन दारांची, मोठ्या इंजिनाची, गडद हिरवी. सिग्नल सुटला की मागची चाकं किंचाळायची. त्या वर्षी आमच्या गल्लीत तशा तीन गाड्या होत्या आणि शर्यतींना उधाण होतं, पण वर्डेलच्या गाडीची गोष्टच वेगळी, कारण ओझेल रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून सांगायचे की या गाडीच्या एक्सलवर माझ्या हातचा ठसा आहे. गाडीची ऑर्डर कारखान्यात आली तेव्हाच त्यांनी नंबर लिहून घेतला होता म्हणे, आणि तो एक्सल समोर आला तेव्हा घाव जरा जपून घातला होता. लोक हसायचे. माझे वडील म्हणाले होते, "ओझेल, पोराला बाप्तिस्मासुद्धा तूच दिलास काय रे, हातोड्याने?"

ऑगस्टमध्ये वर्डेलला लष्कराचं बोलावणं आलं. तो गेला आणि गाडी बापाकडे राहिली. ओझेल ती घेऊन कामावर जाऊ लागले.

सप्टेंबरात कारखान्यात मोजदाद झाली आणि एक एक्सल कमी भरला. साधा नव्हे, मोठ्या इंजिनाच्या गाडीला लागतो तो भारीतला. कुणीतरी पहारेकऱ्यांच्या कानात सांगितलं की ठसेवाल्याच्या घरी तसलीच गाडी आहे. तेव्हा ओझेलना पार्किंगमध्ये बोलावलं. शंभर माणसं पाळी संपवून बाहेर पडत होती. मीही त्यांच्यात होतो. ओझेलनी मान ताठ ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वाका आणि बघा. उजव्या नळीवर माझी अक्षरं सापडतील."

पहारेकरी वाकला, बॅटरी मारली, नळीवरची माती चिंधीने पुसली. अक्षरं नव्हती. नळी कोरी होती.

कोरी नळी म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. ठसा पडायच्या आधीच एक्सल लाइनवरून उचलला गेला. आणि ठसा कोण मारतो? ओझेलचा चेहरा मला आठवतो. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता असं मी आज म्हणेन, पण तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि सगळ्यांबरोबर खाली बघत निघून गेलो.

नोकरी गेली. पुढच्या महिन्यात डीकनांच्या सभेने त्यांना पदावरून उतरवलं. दर्शनी दालनात डीकनांच्या नावांची लाकडी पाटी आहे, तिच्यावरचं त्यांचं नाव तासून काढलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ओझेल शेवटच्या बाकावर बसले आणि पुन्हा कधी ओळ म्हणाले नाहीत. वर्डेल पुढच्या मे महिन्यात युद्धात मारला गेला. ओझेलही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये गेले. गाडी मागच्या गॅरेजात ताडपत्रीखाली तशीच उभी राहिली.

दोन हजार नऊचा उन्हाळा. मदर प्रुइट, म्हणजे ओझेलची बायको हेझलटाइन (चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मदर म्हणतो), अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी हृदयाबद्दल काय ते सांगून टाकलं होतं. त्या आमचे नवे पाद्री रेव्हरंड पेटवे यांच्याकडे गेल्या. म्हणाल्या, माझा नवरा चोर नव्हता हे एकदा वेदीवरून म्हटलेलं मला जिवंतपणी ऐकायचं आहे. रेव्हरंड पेटवे मनाने चांगले. ते म्हणाले, मदर, जाणत्या माणसाने गाडी बघून काही आधार दिला तर ऑगस्टच्या मोठ्या रविवारी, बाहेरगावी गेलेली सगळी मंडळी घरी येतात तेव्हा, मी ते म्हणेन आणि पाटीवर नावही परत चढवू. जाणता माणूस म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं, अँब्रोज टल.

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, फुशारकी म्हणून नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन तीन-तीन राज्यांतून माझ्याकडे यायचे. जन्माला येताना गाडीखाली जो एक्सल होता तोच आज आहे की नंतर कुणी बदलला, हे मी ठसा आणि तारखा वाचून सांगायचो. आणि माझ्या दुकानाचा एक नियम होता, पहिल्या दिवसापासूनचा: आधी स्वच्छ करायचं, मग वाचायचं. ग्रीसखालचे आकडे लोक चुकीचे वाचतात, तिनाचा आठ करतात. म्हणून रॉकेल, तारेचा ब्रश, चिंधी, लोखंड चमकेपर्यंत. गिऱ्हाइकं म्हणायची, टलच्या हातून एक्सल आला की त्यावर जेवावं.

सोमवारी सकाळी मी गेलो. मदर प्रुइट काठी टेकत गॅरेजपर्यंत आल्या, एक खुर्ची मागवली आणि दारात बसून राहिल्या. मांडीवर रताळ्याच्या पायची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थाची थाळी, वर रुमाल. काम झाल्याशिवाय मिळणार नाही म्हणाल्या. मी ताडपत्री काढली, मागची चाकं जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि पाठीवर झोपून आत सरकलो. एक्सलवर एकोणचाळीस वर्षांचा काळा थर होता, बोटभर. मला बरंच वाटलं. म्हटलं, ग्रीसने सगळं जपलेलं असणार. पहारेकऱ्याने घाईत, बॅटरीच्या उजेडात बघितलं. ठसा थरात दबला असेल, अर्धवट उमटला असेल. मी तो शोधून काढणार होतो. खाली पडल्या पडल्या मी देवाचे आभारही मानून घेतले.

मग घासायला सुरुवात केली. मदर बाहेरून विचारत होत्या, मी उत्तरं देत होतो. वर्डेल लहानपणी कसा पायऱ्यांवरून पडला होता ते सांगत होत्या. नळीच्या खालच्या बाजूला थर सुटला तेव्हा चिंधीला थोडं पिवळं लागलं. मी ते पाहिलं. लाइनवरचा तपासनीस पिवळ्या खडूने रेघ मारायचा हे मला माहीत होतं, मी चार वर्षं बघितलं होतं. खडू आहे, म्हटलं, आणि पुसून पुढे गेलो.

दोन तासांनी नळी आरशासारखी झाली. तिच्यावर काहीही नव्हतं. मी भिंग लावलं, पातळ कागद धरून पेन्सिल घासली, तिरपा उजेड टाकला. पुसट ठसा नव्हता, गंजाने खाल्लेला ठसाही नव्हता. ती नळी कधी पंचाखाली गेलीच नव्हती.

मग मधल्या फुगीर डब्याच्या मागची ओतीव तारीख वाचली. ती ओतकामातच येते, तिला कुणी बदलू शकत नाही. चौथा महिना, एकोणतीस तारीख, सत्तर साल. मी उठून ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवरची पट्टी बघितली. गाडी बांधली मार्चमध्ये.

हे समजायला कारागीर असायला नको. मार्चमध्ये जन्मलेल्या गाडीखाली एप्रिलअखेर ओतलेलं लोखंड असू शकत नाही. म्हणजे ओझेलनी ज्या एक्सलवर जपून घाव घातला, तो या गाडीचा पहिला एक्सल, तो कधीच निघून गेला होता. हा दुसरा. आणि तो कुठून आला ते त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.

मी बाहेर आलो. मदरनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थाळीवरचा रुमाल काढला नाही. मी जे वाचलं ते सांगितलं. त्या बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी मला असं काही सांगितलं जे बहुधा कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी नोकरी गेली त्या संध्याकाळी ओझेल इथे, याच जागी, गाडीखाली शिरले होते. बाहेर आले आणि स्वयंपाकघरात उभं राहून खूप वेळ हात धूत राहिले. नंतर आठवडाभर वर्डेलला पत्र लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे.

"त्यांना वाटलं पोराने केलं," मदर म्हणाल्या. "मला वाटलं त्यांनी केलं. आम्ही एकमेकांना विचारलं नाही, अँब्रोज. एका छपराखाली अठ्ठावीस वर्षं."

पोराला विचारायचं राहून गेलं आणि मग विचारायला पोर उरलं नाही.

मी त्यांना म्हटलं, मदर, मला दोन दिवस द्या. माझा एक ओळखीचा आहे. निघताना त्यांनी थाळी माझ्या हातात दिली; ती मी घरी नेली आणि तशीच ठेवून दिली.

ओळखीचा म्हणजे कॅझी दुडेक. शेजारच्या हॅमट्रॅमिक गावचा पोलिश माणूस, एका शोरूमच्या पार्ट-काउंटरवर, म्हणजे सुटे भाग विकायच्या खिडकीवर, त्याने सत्तावीस वर्षं काढली. वर्डेलने गाडी घेतली ते शोरूम वेगळं. ते त्र्याहत्तरमध्येच बंद पडलं आणि त्याचे कागद कुठे गेले देव जाणे. बुधवारी मी कॅझीकडे गेलो तेव्हा तो ओसरीवर बसून खारवलेल्या काकड्या बरणीत भरत होता. मला बघून म्हणाला, "ये रे टल. अजून तुला देवाने बोलावलं नाही का? एवढी खुशामत करतोस त्याची." मी म्हटलं, तुझी चौकशी करत होता, मी पत्ता दिला नाही. मग मी त्याला कोऱ्या नळीचं विचारलं.

तो हसला. त्याच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कारखान्याच्या लाइनवर एक्सल गाडीच्या ऑर्डरीप्रमाणे बनतो, म्हणून ठसा. काउंटरवर विकायला येणारा एक्सल कुठल्याच गाडीचा नसतो, तर ठसा कशाचा मारणार? ते दुसऱ्याच गावात बांधून, खोक्यात घालून यायचे, सगळे कोरे. ओझेलसारख्या लाइनवरच्या माणसाने तसला एक्सल जन्मात पाहिला नसेल. मीही इतकी वर्षं कोरी नळी दिसली की गंजाला दोष देऊन मोकळा व्हायचो.

आणि पोरं, कॅझी सांगत होता, सत्तरच्या उन्हाळ्यात पोरं शर्यती लावून एक्सल फोडायची. महिन्याला दोन तरी. मग साळसूद तोंड करून यायची, साहेब, आपोआप तुटला. गाडी गॅरंटीत, आम्हाला बदलून द्यावा लागायचा. आणि बापाला सांगू नका म्हणून गयावया करायची.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिथेच ओसरीवर मी देवाचे आभार मानत हात वर केले. वर्डेलने एक्सल फोडला, शोरूममधून बदलून घेतला, बापाच्या हातचा ठसा मोडला हे कबूल करायची त्याला लाज वाटली. बाप खरं बोलत होता, पोरानेही चोरी केली नव्हती. दोघंही सुटत होते. मी कॅझीला विचारलं, कोरा एक्सल लाइनवरून पळवलेला की काउंटरवरचा, हे ओळखायचं कसं?

"सोपं आहे," तो म्हणाला. "आमच्या एक्सलवर पार्ट नंबर असायचा. नळीच्या खालच्या बाजूला, रंगाने. सात आकडे, पिवळे."

त्याने बरणीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून हात थांबवला. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं की सोमवारी मी नळी घासली. पिवळं चिंधीला लागलं होतं.

"पण पिवळी रेघ तर तुमचा तपासनीसही मारायचा," कॅझी म्हणाला. "आकडे होते की रेघ होती?"

तेच तर. रेघ असेल तर एक्सल लाइनवरचा, तपासून झालेला, ठशाच्या एक पाऊल आधी उचललेला. आकडे असतील तर दोघं निर्दोष. ते पिवळं एकतर सुटका होतं नाहीतर शिक्षा, एकोणचाळीस वर्षं थराखाली राहिलं होतं, आणि मी ते न वाचता पुसून टाकलं होतं. पहारेकऱ्याने जिथे हात लावला नव्हता तिथे मी लावला. ओझेल त्या गाडीजवळ कुणाला फिरकू देत नसत. मला मात्र आत बोलावलं होतं.

मी प्रुइटांच्या घरी गाडी पळवत गेलो. चिंध्या मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या पिंपात टाकल्या होत्या. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. पिंप रिकामं, धुऊन पालथं घातलेलं. तरी मी त्यात वाकून बघितलं. मिळाल्या असत्या तरी काय, चिंधीवर फक्त डाग असतो. मग पुन्हा गाडीखाली शिरलो. भिंग लावलं. मी स्वतः घासलेलं लोखंड होतं ते. माझ्यासारखं इतकं स्वच्छ दुसरं कुणी घासत नाही.

त्या दोन दिवसांत माझ्या मनाने काय खेळ केले सांगतो. गुरुवारी मला वाटायला लागलं की पिवळ्याला गोलाई होती. रेघेला गोलाई कशी असेल? दुपारपर्यंत मला एक तीन दिसायला लागला. शुक्रवारी तिनाच्या पुढे नऊ आला. मी गुडघे टेकून प्रार्थना केली, प्रभू, मला जे दिसलं ते दाखव, आणि जितकी जास्त प्रार्थना करावी तितके आकडे ठळक होत गेले. मग मला भीती वाटली. माझं मन आकडे रंगवत होतं. सोमवारी मी चिंधीकडे पाहिलं होतं, नळीकडे नाही. खरं एवढंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी रेव्हरंड पेटवे यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांचं रविवारचं प्रवचन तयार होतं. खोट्या आळातून सुटलेल्या माणसावर बेतलेलं. त्यांनी मला बायबलातल्या तुरुंगात पडलेल्या निरपराध्याची, भावांनी विहिरीत टाकलेल्या पोराची, सगळ्यांची आठवण करून दिली. म्हणाले, ब्रदर टल, तुमच्या मनाला काय वाटतं? मी म्हटलं, मनाला वाटतं की ओझेलनी चोरी केली नाही. ते म्हणाले, मग तेवढं उभं राहून म्हणा, पुढचं मी सांभाळतो. मला माहीत होतं ते कसं सांभाळतील. त्यांचा श्वास तुटायला लागला असता, ऑर्गनने सूर धरला असता, आणि माझं 'वाटतं' त्या सुरात 'आहे' होऊन बाहेर पडलं असतं. अख्खं चर्च उभं राहिलं असतं. मी पहिला उभा राहिलो असतो. म्हणूनच मला ते नको होतं. मदरनी आधार मागितला होता. सूर त्यांना कुणीही दिला असता.

मी त्यांना नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी हात धरून माझ्यासाठी प्रार्थना केली. ते वाईट माणूस नाहीत.

शनिवारी सकाळी मी मदर प्रुइटांसमोर बसलो. उद्याचे पांढरे कपडे इस्त्री करून दारावर लटकवलेले होते, टोपी टेबलावर. मी सगळं सांगितलं. कॅझीने काय सांगितलं, पिवळं काय असू शकत होतं, दोन्ही बाजू, आणि ते कुणी पुसलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. कदाचित मला तेच हवं होतं.

त्यांनी टेबलावरची टोपी सरळ केली. मग म्हणाल्या, "ते होतं तसं परत कर."

मी म्हटलं, मदर, ते होत नाही.

"तुझ्याकडे ब्रश आहे, रॉकेल आहे, सगळं आहे," त्या म्हणाल्या. "जसं होतं तसं कर. मग नीट बघ. यावेळी नीट बघ, बाळा."

त्यांना समजत नव्हतं असं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, कारखान्यातल्या माणसाची बायको. त्यांना सगळं समजत होतं. त्या फक्त माझ्याकडे मागत होत्या, आणि देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी तसं मागितलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या की ऊन वाढायच्या आत ताडपत्री घालून घे, छपरातून पाणी गळतं.

मी गाडी घोड्यांवरून उतरवली आणि ताडपत्री घातली.

रविवारी चर्च भरलं होतं. शिकागोहून, क्लीव्हलँडहून मंडळी आली होती. रेव्हरंड पेटवे यांनी दुसराच विषय घेतला, आणि देव मला क्षमा करो, प्रवचन सुंदर झालं. सूर चढला तेव्हा माझ्या शेजारचे सगळे उभे राहिले. मी बसून राहिलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. समोरच्या बाकावर मदर पांढऱ्या टोपीत ताठ बसल्या होत्या. शेवटी जाहीर करण्याच्या गोष्टी आल्या, जेवण खालच्या सभागृहात आहे, आजाऱ्यांची नावं, नव्या गादीच्या खुर्च्या. प्रत्येक घोषणेच्या आधी त्यांची मान किंचित वर व्हायची. मी ते मागून बघत होतो. मग आशीर्वाद झाला आणि लोक जेवायला निघाले.

मदर प्रुइट नोव्हेंबरात गेल्या. गाडी त्यांच्या भाचीने टोलीडोच्या एका शौकिनाला देऊन टाकली. त्याने मला फोन करून विचारलं, एक्सल मूळचा आहे का? मी म्हटलं, नाही. पुढे त्याने काही विचारलं नाही, त्याला तेवढंच हवं होतं.

मी अजून एक्सल वाचतो, पण आता कुणी गाडी आणली की आधी नुसता बघत बसतो. मळ तसाच राहू देतो. लोकांना वाटतं म्हातारा मंद झाला.

दर्शनी दालनातल्या पाटीवर तासलेली जागा आहे. तिथे काय लिहायचं, हे मला सांगता येत नाही आणि कुणालाही येणार नाही. ओझेल निर्दोष होते हे मला तुमच्याकडून कबूल करून घ्यायचं नाही. तो अधिकार मी सोमवारी सकाळी गमावला. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज झोपण्याआधी प्रार्थनेत नावं घ्याल तेव्हा एक नाव माझ्यासाठी घ्या: हेझलटाइन प्रुइट. कुणीतरी जाणता येईल आणि त्या गाडीखाली नीट बघेल, म्हणून तिने एकोणचाळीस वर्षं वाट पाहिली. आणि आलो तो मी. तिची आठवण ठेवा.